कांद्याच्या ‘प्रकार’ रकान्यातल्या रिकाम्या जागा: मशीन लर्निंगने भरल्यानंतर वारंवार येणारी अडचण आणि तिचे निवारण

नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या आवकेच्या नोंदींवर काम करणाऱ्या मंडळींकडून एकच तक्रार थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा ऐकू येते, मग ते शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब पाहणारे असोत, कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी असोत की व्यापाऱ्याच्या पेढीवर एक्सेलच्या फायली सांभाळणारे असोत. फायलीत तारीख, बाजार समिती, तालुका, क्विंटलमधली आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर असे सगळे व्यवस्थित असते. फक्त कांद्याचा प्रकार, म्हणजे लाल, उन्हाळ किंवा पांढरा, हा रकाना जागोजागी रिकामा असतो. तो मशीन लर्निंगने भरला जातो, चाचणीत अचूकता उत्तम दिसते आणि तरीही भरलेली फाईल लासलगाव किंवा उमराण्याच्या एखाद्या जाणकाराला दाखवली की तो पहिल्याच पानावर बोट ठेवतो. भर डिसेंबरमध्ये, बाजार लाल कांद्याने भरून वाहत असताना, रिकाम्या ओळींत ‘उन्हाळ’ भरलेले असते किंवा पांढरा कांदा क्वचितच येणाऱ्या बाजारात त्याच्या ओळीच्या ओळी उगवलेल्या असतात. फाईल हाताने दुरुस्त केली जाते, आणि पुढच्या महिन्याची फाईल आली की तेच पुन्हा घडते.

अशा वेळी पहिला संशय पद्धतीवर घेतला जातो. मग रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-झाडांची मते घेऊन उत्तर देणारे मॉडेल) सोडून दुसरे मॉडेल लावले जाते, झाडांची संख्या वाढवली जाते, आणि त्यातून फारसे काही बदलत नाही. माझ्या मते बहुतेक प्रकरणांत दोष मॉडेलच्या आधीच्या तीन पायऱ्यांमध्ये असतो: रिकामे म्हणजे नेमके काय, प्रकारांना अंक कसे दिले आणि जागा रिकामी राहिलीच का. यांपैकी तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत कमी तपासली जाते; पण पहिल्या दोन झटपट तपासता येतात, म्हणून त्या आधी घेऊ.

रिकामे खरोखर रिकामे आहे का

रोजच्या बाजारभावांच्या तक्त्यांत जात लिहिलेली नसेल तर त्या जागी अनेकदा तीन आडव्या रेघा छापलेल्या असतात. माणसाला त्यांचा अर्थ कळतो. पांडाज या पायथॉनमधल्या तक्ते हाताळणाऱ्या साधनाला कळत नाही. सीएसव्ही फाईल वाचताना पूर्ण मोकळी जागा, ‘एनए’, ‘नल’ असे ठरावीक शब्द पांडाज स्वतःहून रिकामे मानतो, पण तीन रेघा किंवा नुसती एक स्पेस त्या यादीत नाही. त्यामुळे रेघा हाच एक स्वतंत्र प्रकार ठरतो, मॉडेल तो मन लावून शिकते आणि पुढे खऱ्या रिकाम्या जागी सुद्धा रेघाच भरते. फाईल वाचतानाच अशी सर्व चिन्हे ‘रिकामे’ म्हणून नोंदवणे हा उपाय सोपा आहे. रकाना जबरदस्तीने मजकुरात रूपांतरित करणेही टाळावे, कारण पांडाजच्या बऱ्याच आवृत्त्यांत त्यामुळे रिकाम्या जागेचा ‘नॅन’ असा तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द बनतो आणि तो इतर शब्दांत बेमालूम मिसळतो. रकाना कॅटेगरी या रूपात ठेवून त्याचे सांकेतिक अंक काढले तर रिकाम्या जागेला उणे एक हा अंक मिळतो. काही मॉडेले त्याला सरळ शून्याच्या शेजारचा आणखी एक प्रकार समजतात.

त्याच बैठकीत एकाच प्रकाराची वेगवेगळी नावे एकत्र करावीत. ‘उन्हाळ’, ‘उन्हाळी’, शेवटी स्पेस असलेले ‘लाल ’ अशी नावे जुळवण्याची कामे यांत्रिक आहेत. मात्र नियम लिहिताना घाई नको. एखाद्या फायलीत प्रकाराऐवजी वाणाचे नाव लिहिलेले असते. तिथे ‘रेड’ हा शब्द दिसला की ‘लाल’ असा नियम लावला, तर ॲग्रीफाउंड डार्क रेड बरोबर बसतो, कारण तो खरिपाचा वाण आहे, पण ॲग्रीफाउंड लाईट रेड हा रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांद्याचा, वाणही लाल कांद्यात जाऊन पडतो. तसेच एन-५३ आणि बसवंत ७८० हे खरिपाचे, तर एन-२-४-१ रब्बीचा, हे नावांवरून संगणकाला कधीच कळणार नाही. अशा नावांची पंचवीस-तीस ओळींची जुळणी-यादी हाताने करावी. तिथे कोणतीही हुशार पद्धत वापरण्याची गरज नाही. ‘लोकल’ असे लिहिलेले असेल तर त्यातून लाल-उन्हाळचा निर्णय होत नाही, म्हणून ती जागा भरलेली न मानता रिकामीच मानावी.

पांढरा कांदा कुठून येतो

साइकिट-लर्न या पायथॉनमधल्या मशीन लर्निंग साधनातल्या ऑर्डिनल एन्कोडरला, म्हणजे शब्दांना अंक देणाऱ्या भागाला, प्रकारांची यादी दिली नाही, तर तो नावे वर्णक्रमाने लावून अंक देतो. युनिकोडच्या क्रमाने उन्हाळला ०, पांढऱ्याला १ आणि लालला २ मिळतात. आता या अंकांवर रिकाम्या जागा भरणारा केएनएन इम्प्युटर चालवला की तो जवळच्या शेजाऱ्यांची, म्हणजे सर्वांत सारख्या ओळींची, सरासरी घेतो. एखाद्या नोव्हेंबरच्या ओळीचे निम्मे शेजारी उन्हाळ आणि निम्मे लाल असतील, तर शून्य आणि दोन यांची सरासरी एक येते, आणि एक म्हणजे पांढरा. जो कांदा त्या बाजारात आलाच नाही, तो निव्वळ अंकगणिताने तयार होतो. फेऱ्या मारत जागा भरणाऱ्या इटरेटिव्ह इम्प्युटरचे मूळ वर्तनही असेच आहे. तो रिग्रेशन करतो, म्हणजे प्रकाराऐवजी सलग आकडा वर्तवतो, म्हणून १.३७ सारखे आकडे येतात आणि लोक ते गोल करून पुढे जातात. गोल केल्याने चूक झाकली जाते, सुधारत नाही, कारण लाल, पांढरा आणि उन्हाळ यांच्यात लहानमोठे असा क्रमच नाही.

दर महिन्याला अडचण परत का येते, याचे एक कारण इथेच सापडते. एखाद्या महिन्याच्या फायलीत पांढरा कांदा नसेल, तर उन्हाळ ० आणि लाल १ अशी वाटणी होते. नंतरच्या एखाद्या फायलीत पांढऱ्याची एकच ओळ आली आणि एन्कोडर नव्याने शिकवला गेला, की लालचा अंक १ वरून २ होतो आणि साठवून ठेवलेले जुने मॉडेल ज्याला १ म्हणजे लाल समजत होते, ते आता पांढरे म्हणून छापले जाते. कुठेही एरर येत नाही. यावर उपाय म्हणजे प्रकारांची यादी कोडमध्ये स्वतः, ठरलेल्या क्रमाने लिहून ठेवणे, एन्कोडर प्रत्येक महिन्याला नव्याने न शिकवणे आणि यादीबाहेरचा शब्द आला तर त्यासाठी वेगळा अंक राखून ठेवणे. ज्या रकान्यात रिकाम्या जागा भरायच्या आहेत तिथे वर्गीकरण करणारे मॉडेलच वापरावे. अंतर मोजणारी पद्धत हवीच असेल तर १९७१ साली मांडलेले गॉवरचे अंतर वापरावे, ज्यात वर्गीय, म्हणजे प्रकारांची नावे असलेल्या, रकान्यासाठी ‘समान की असमान’ एवढेच पाहिले जाते. आर या संख्याशास्त्रीय भाषेतल्या व्हीआयएम पॅकेजमधली शेजारी शोधण्याची पद्धत याच अंतरावर चालते.

डिसेंबरमध्ये उन्हाळ का भरला जातो

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो, त्यामागोमाग जानेवारी ते मार्चमध्ये रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा कांदा, येतो आणि तोही बहुधा लाल म्हणूनच नोंदला जातो. उन्हाळ कांद्याची काढणी मार्चअखेरीपासून मेपर्यंत होते. तो चाळीत साठवला जातो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, कधी त्यानंतरही, थोडा थोडा बाहेर निघतो. म्हणजे डिसेंबरमध्ये बाजारात मुख्यतः लाल आणि एखाद-दुसरी ट्रॉली जुन्या उन्हाळची, असे चित्र असते.

नोंद करणारा माणूस या परिस्थितीत काय करतो, याचा विचार करावा. सगळे आवार लाल कांद्याचे असताना प्रत्येक ओळीपुढे ‘लाल’ लिहिणे त्याला अनावश्यक वाटते. पण उन्हाळची ट्रॉली आली, तिचा दर वेगळा निघाला, की तो आवर्जून ‘उन्हाळ’ लिहितो. परिणाम असा होतो की डिसेंबरच्या भरलेल्या ओळींत उन्हाळच उन्हाळ दिसतो आणि रिकाम्या ओळी जवळजवळ सर्व लालच्या असतात. मॉडेल भरलेल्या ओळींवर शिकते, म्हणून ते ‘डिसेंबर म्हणजे उन्हाळ’ असे शिकते आणि तेच रिकाम्या जागी भरते. मॉडेल जितके चांगले शिकेल, तितके निकाल वाईट येतील. झाडांची संख्या वाढवून हे सुटणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

संख्याशास्त्रात यासाठी १९७६ पासून, डोनाल्ड रुबिन यांच्या शोधनिबंधानंतर, एक स्पष्ट विभागणी रूढ झाली आहे. जागा निव्वळ योगायोगाने रिकामी राहिली असेल तर काळजीचे कारण नाही. ती दुसऱ्या एखाद्या माहीत असलेल्या रकान्यावर अवलंबून रिकामी राहिली असेल, उदाहरणार्थ एखाद्या उपबाजारात तो रकाना कमी वेळा भरला जात असेल, तर तो रकाना मॉडेलमध्ये घेतला की काम भागते. पण रिकामे राहणे हे लपलेल्या किमतीवरच अवलंबून असेल, म्हणजे लाल आहे म्हणूनच लिहिले नाही असे असेल, तर केवळ उपलब्ध माहितीतून कोणतेही मॉडेल ते ओळखू शकत नाही. आपले डिसेंबरचे प्रकरण या तिसऱ्या गटातले आहे.

ओळखण्यासाठी एक साधा तक्ता पुरतो: प्रत्येक बाजार समितीसाठी महिनावार किती ओळी लाल, किती उन्हाळ आणि किती रिकाम्या. ज्या महिन्यात एक प्रकार भरपूर असायला हवा, त्याच महिन्यात रिकाम्या ओळी वाढलेल्या आणि लिहिलेल्या ओळींत तो प्रकार जवळपास गायब असेल, तर निदान झाले. इथे तक्ता बाजार समितीनुसारच करावा. संपूर्ण जिल्ह्याची बेरीज केली तर एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणच्या नोंदींत लपून जाते.

त्यानंतर नोंद ठेवणाऱ्या माणसाशी बोलावे. ‘जागा मोकळी असली की नेहमीचाच माल समजायचा’ असे त्याने सांगितले, तर तो नियम मॉडेलच्या आधी लावावा आणि मॉडेलला फक्त संक्रमणाच्या आठवड्यांतल्या ओळी द्याव्यात. बोलणे शक्य नसेल, तर रिकाम्या ओळींतून काही ओळी यादृच्छिक निवडून त्यांच्या काटापट्टी किंवा हिशेबपट्टीवरून खरा प्रकार शोधावा. पन्नास-साठ ओळींची अशी तपासणी कंटाळवाणी असते, परंतु रिकाम्या ओळींबद्दलची ती एकमेव थेट माहिती असते आणि माझ्या अनुभवात तिच्याइतके उपयोगी दुसरे काहीच ठरत नाही. तेही जमत नसेल, तर सगळ्या शंकास्पद ओळी एकदा लाल मानून आणि एकदा उन्हाळ मानून अंतिम हिशेब करून पाहावा. निष्कर्ष दोन्ही वेळा तोच राहिला तर पुढे जावे; बदलला तर त्या महिन्यांचा निष्कर्ष छापू नये.

चाचणी खोटे का बोलते

अचूकता मोजण्यासाठी साधारणपणे भरलेल्या ओळींतल्या काही ओळी यादृच्छिक झाकल्या जातात आणि मॉडेलला ओळखायला लावल्या जातात. वरच्या उदाहरणात ही चाचणी डिसेंबरच्या झाकलेल्या ओळींतही उन्हाळच शोधते आणि मॉडेलला पैकीच्या पैकी गुण देते. झाकायच्या ओळी खऱ्या रिकाम्या ओळींसारख्या निवडाव्यात, म्हणजे ज्या बाजारात आणि ज्या आठवड्यांत प्रत्यक्ष रिकाम्या जागा जास्त आहेत, तिथल्याच भरलेल्या ओळी जास्त प्रमाणात झाकाव्यात. यानेही तिसऱ्या गटाचा दोष दिसत नाही; त्यासाठी पट्ट्यांची तपासणीच लागते.

चाचणीतली दुसरी चूक अधिक साधी आहे. काही बाजारांत सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत लिलाव होतात, त्यामुळे एकाच दिवसाच्या दोन ओळी दरांसकट जवळपास सारख्या असतात. त्यांतली एक शिकवण्यात आणि एक चाचणीत गेली, तर मॉडेलने पाठ केलेले उत्तरही हुशारी वाटते. विभागणी ओळीनुसार न करता बाजार आणि तारीख यांच्या गटानुसार करावी.

आणि कोणत्याही मॉडेलच्या आधी एक पंचांगी नियम मोजून पाहावा: एप्रिल ते सप्टेंबर उन्हाळ, डिसेंबर ते मार्च लाल, मधल्या दोन महिन्यांत त्या बाजारात त्या आठवड्यात जास्त आढळणारा प्रकार. रँडम फॉरेस्ट या नियमाला स्पष्टपणे हरवत नसेल, तर तो वापरण्याचे कारण उरत नाही. महिन्याचा रकाना देताना वर्ष जानेवारीपासून मोजू नये, कारण मग लाल कांद्याचा हंगाम दोन तुकड्यांत मोडतो. एप्रिलपासून मोजले की उन्हाळ एका बाजूला आणि लाल दुसऱ्या बाजूला जातो, आणि झाडाला एकाच छेदात काम करता येते. हिशेबवाल्यांचे आर्थिक वर्ष इथे अनायासे उपयोगी पडते.

पद्धत निवडताना

वरचे सर्व करून झाल्यावर उरलेल्या ओळींसाठी पद्धत निवडायची असते, आणि ती निवड भरलेला रकाना कशासाठी हवा आहे त्यावर ठरते. समजा नोव्हेंबरच्या शंभर रिकाम्या ओळी आहेत आणि मॉडेल प्रत्येकीसाठी लाल ७० टक्के व उन्हाळ ३० टक्के अशी संभाव्यता देते. दरवेळी जास्त संभाव्यतेचे उत्तर घेतले, तर शंभरही ओळी लाल होतात. सत्तर बरोबर येतात, पण उन्हाळची आवक शून्य दिसते. संभाव्यतेच्या प्रमाणात चिठ्ठी काढल्यासारखे भरले, तर लाल सुमारे सत्तर आणि उन्हाळ सुमारे तीस होतात, मात्र ओळवार अचूकता ५८ टक्क्यांवर येते, कारण ०.७ चा वर्ग अधिक ०.३ चा वर्ग एवढीच ती असते. महिन्याच्या एकूण आवकेचा ताळेबंद मांडायचा असेल तर दुसरा मार्ग योग्य आहे. एखाद्या विशिष्ट ट्रॉलीचा प्रकार सांगायचा असेल तर पहिला. सर्वाधिक आढळणारा प्रकार सरसकट भरणे ही पद्धत मात्र दोन्हींसाठी वाईट आहे आणि ती केवळ एका ओळीत लिहिता येते म्हणून टिकून आहे.

आर वापरणाऱ्यांसाठी माईस पॅकेज चिठ्ठीचा मार्ग नीट राबवते: दोन प्रकार असतील तर लॉजिस्टिक (प्रकाराची संभाव्यता देणारे मॉडेल), क्रम नसलेले दोनपेक्षा जास्त असतील तर बहुपर्यायी लॉजिस्टिक, आणि मूळ सेटिंगमध्ये पाच वेगवेगळ्या भरलेल्या फायली तयार होतात, ज्यांवरचे निकाल रुबिन यांच्या, सरासरी आणि अनिश्चितता दोन्ही काढणाऱ्या, नियमांनी एकत्र करायचे असतात. पाचांपैकी एकच फाईल उचलून पुढे जाणे हा या पद्धतीचा सर्वांत प्रचलित गैरवापर आहे. स्टेकहोवन आणि ब्यूलमन यांची मिसफॉरेस्ट पद्धत रँडम फॉरेस्टने फेऱ्या मारत भरते आणि नव्या-जुन्या भरणीतला फरक पुन्हा वाढू लागला की थांबते. ती झाडांच्या मतांनुसार एकच उत्तर देते, म्हणून ताळेबंदासाठी ती तितकी योग्य नाही.

या दोन्हींमध्ये एक एरर हमखास येते आणि तिचे मूळ गावाच्या रकान्यात असते. माईसच्या बहुपर्यायी लॉजिस्टिकमध्ये वजनांची, म्हणजे मॉडेल शिकत असलेल्या आकड्यांची, मर्यादा मूळ सेटिंगला १,५०० असते, आणि मिसफॉरेस्टच्या पाठीशी नेहमीचे रँडमफॉरेस्ट पॅकेज असेल तर ५३ पेक्षा जास्त प्रकारांचा वर्गीय रकाना ते स्वीकारत नाही. गावांची नावे ही मर्यादा सहज ओलांडतात. मर्यादा वाढवण्याऐवजी गावाच्या जागी तालुका द्यावा. जिल्ह्यात तालुके १५ च आहेत आणि कळवण किंवा येवला एवढे कळले तरी प्रकार ओळखायला पुरेसे साहाय्य होते.

दराचा रकाना भरणीत घ्यावा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रकार आणि दर यांचा संबंध अभ्यासायचा असेल आणि माईससारखी अनेक फायलींची पद्धत वापरली असेल, तर दर घ्यायलाच हवा. वगळला तर तो संबंध कृत्रिमपणे पुसट होतो. पण पुढे प्रकारावरून उद्याचा दर वर्तवायचा असेल, तर आजच्या दरावरून भरलेला प्रकार हा दराचाच वेश बदललेला अवतार असतो आणि वर्तवण्याची अचूकता फुगते. अशा कामासाठी मुळात भरण्याचीच गरज आहे का, हेही पाहावे. कॅटबूस्ट या मॉडेलला ‘नोंद नाही’ हा स्वतंत्र प्रकार शब्दरूपाने देता येतो, लाईटजीबीएम हे मॉडेल रिकाम्या जागा स्वतः हाताळते, आणि आपल्या उदाहरणात तर ‘लिहिले नाही’ हीच एक बातमी असते, जी भरल्याने नष्ट होते.

भरलेच, तर मूळ रकाना कधीही पुसू नये. शेजारी दोन रकाने ठेवावेत: एकात भरलेला प्रकार, दुसऱ्यात तो लिहिलेला होता, नियमाने आला की मॉडेलने दिला याची खूण. दर महिन्याच्या फायलीवर काम सुरू करण्यापूर्वी बाजारवार तक्ता पुन्हा काढून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडावा, आणि रिकाम्या ओळींचे प्रमाण अचानक बदललेले दिसले तर मॉडेल चालवण्याआधी त्या बाजारात नोंद ठेवणारा माणूस किंवा पावतीचा नमुना बदलला आहे का, ते विचारून घ्यावे.